तोडलेला ऊस थांबत नाही: साखरेचा इतिहास, कारखाना आणि टेबलावरचे प्रयोग

रसायनी

ऊस तोडला की त्याच घडीपासून त्यातली साखर कमी व्हायला लागते. साखरेच्या इतिहासातल्या, कारखान्यातल्या आणि प्रयोगशाळेतल्या कितीतरी गोष्टींचं मूळ या एका वस्तुस्थितीत आहे असं मला वाटतं. म्हणून हा धागा काढतेय.

आधी थोडं रसायन. साखर म्हणजे सुक्रोज: एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची जोडी. या दोघांना बांधणारा बंध आम्लापुढे फार काळ तग धरत नाही. उसाच्या रसाचा पीएच साधारण ५ ते ५.५ असतो, म्हणजे रस मुळातच आंबटाकडे झुकलेला. त्यात भर म्हणून उसात इन्व्हर्टेज नावाचं विकर असतं, तेही हाच बंध तोडतं. कापलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक जिवाणू आत शिरतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. बंध तुटल्यावर गोडी जात नाही. पण ग्लुकोज-फ्रुक्टोजच्या मिश्रणाचे स्फटिक सहजासहजी धरत नाहीत. रस आंबतो, पाक वाहतो. पोत्यात भरून जहाजावर चढवता येतो तो फक्त कोरडा दाणा.

ऊस माणसाळला न्यू गिनीच्या परिसरात, पण रस आटवून दाणा पाडण्याची विद्या भारतात वाढली. कौटिलीय अर्थशास्त्रात फाणित, गुड, मत्स्यण्डिका, खण्ड आणि शर्करा अशी नावं ओळीने येतात. एकाच रसाचे इतके वेगवेगळे पदार्थ तेव्हा कोठारात मोजले जात होते. अलेक्झांडरच्या आरमाराचा प्रमुख निआर्कस याने मधमाश्यांशिवाय मध देणाऱ्या बोरूची नोंद केली. ६४७ साली तांग सम्राट ताइझोंगने साखर करायची रीत शिकून यायला मगधात माणसं पाठवली. सम्राटाला उसाची नवलाई नव्हती, ऊस चीनमध्ये होताच. त्याला हवा होता दाणा कसा पाडायचा याचा मंत्र.

इराण, मग अरबांच्या हातून भूमध्य समुद्राचा काठ, पुढे मदेरा बेट, आणि १४९३ च्या दुसऱ्या सफरीत कोलंबसबरोबर कॅरिबियन. इथून पुढचा इतिहास काळा आहे. गहू कापून कोठारात ठेवता येतो, कापूस गाठी बांधून दूरच्या गिरणीला पाठवता येतो. उसाचं तसं नाही. चरक शेताच्या कडेलाच हवा, आणि तोडणी सुरू झाली की गाळप रात्रंदिवस चालायलाच हवं. त्यामुळे ब्राझील, बार्बाडोस, जमैका इथल्या मळ्यांवर शेत आणि कारखाना एकाच आवारात, एकाच घड्याळावर बांधले गेले. युरोपात कापडगिरण्या उभ्या राहायच्या कितीतरी आधी. ते घड्याळ चालवायला आफ्रिकेतून माणसं पकडून आणली. अटलांटिक ओलांडायला लावलेल्या सुमारे सव्वा कोटी माणसांपैकी फार मोठा वाटा साखरेच्या मळ्यांकडे गेला. रात्री पेंगुळलेल्या माणसाचा हात चरकाच्या लाटांमध्ये गेला तर तो छाटायला शेजारी कुऱ्हाड टेकवून ठेवलेली असे. चरक थांबवून हात काढण्यापेक्षा हात तोडणं मालकांना परवडत होतं.

कारखान्याचं काम जवळून पाहिलेले कुणी इथे असतील तर त्यांनी आत काय चालतं ते सविस्तर लिहावं. प्रयोगांबद्दल मी खाली लिहीनच.

---

बॉयलरहाऊस

उत्तम धागा. मी साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून नोकरी केली. तुम्ही म्हणता ते घड्याळ आमच्या डोक्यावर कायम टांगलेलं असायचं. गव्हाणीत ऊस पडून राहिला की दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टात उतारा (उसातून हाती येणाऱ्या साखरेचं प्रमाण) खाली आलेला दिसायचा.

वाट अशी: उसाचे तुकडे करून मिलच्या लाटांमधून रस काढतात. शेवटच्या मिलपाशी गरम पाणी शिंपडतात, कारण चिपाडात राहिलेली साखर नुसत्या दाबाने निघत नाही, ती धुऊन काढावी लागते. रस लगेच तापवून त्यात पाण्यात कालवलेला चुना घालतात आणि गंधकाचा धूर सोडतात. चुना दोन कामं करतो. मळ खाली बसवतो आणि रसाचा पीएच ७ च्या आसपास आणतो, म्हणजे रसायनी ताईंनी सांगितलेला तो बंध तुटायचा थांबतो. पण चुना जास्त झाला तरी पंचाईत, मग ग्लुकोज-फ्रुक्टोज करपून रंग चढतो. पीएचच्या काट्यावर एक माणूस सतत नजर ठेवून असतो.

निवळलेला रस आटवून ६० ते ६५ ब्रिक्सचा (म्हणजे वजनाने साधारण तेवढे टक्के साखर विरघळलेला) पाक करतात. मग पॅन. उघड्या काहिलीत दाणा येईपर्यंत आटवायचं तर पाक ११० अंशांच्या वर जातो, साखर करपते, तुटते. १८१३ मध्ये एडवर्ड हॉवर्डने बंद भांड्यातली हवा काढून पाक उकळला. दाब कमी असला की पाक ६०-७० अंशांनाच उकळतो. आजचा व्हॅक्यूम पॅन तोच.

पॅनमनचं काम मला आजही थोर वाटतं. पाक अतिसंपृक्त झाला (म्हणजे मावते त्याहून जास्त साखर त्यात विरघळलेली असली) की त्यात बारीक साखरेचं बी सोडतात. त्यानंतर पाक एका अरुंद पट्ट्यात ठेवावा लागतो. थोडा पातळ झाला तर सोडलेले दाणे विरघळतात, थोडा जास्त घट्ट झाला तर नको असलेले नवे दाणे उठतात, आम्ही त्याला फॉल्स ग्रेन म्हणायचो. पॅनमन सळईने नमुना काढतो, काचेच्या पट्टीवर पसरतो, दिव्यासमोर धरतो, अंगठा आणि बोटात पाकाची तार ओढून पाहतो आणि एका नजरेत सांगतो की पाणी सोडा किंवा पाक ओढा. यंत्रं आली, मोजमापं आली, तरी जुन्या पॅनमनच्या बोटांवर आमचा विश्वास असायचा.

शेवटी सेंट्रिफ्यूगल. जाळीच्या डोलात दाणा आणि मळी (दाण्याभोवतीचा चिकट पाक) मिनिटाला हजाराच्या वर फेरे घेतात, मळी बाहेर फेकली जाते, दाणा आत राहतो. त्या मळीतून पुन्हा दाणा काढतात, आणि पुन्हा एकदा. शेवटी जी मळी उरते तिच्यात साखर असते, पण दाणा पडत नाही. ती डिस्टिलरीला जाते.

ढोबळ हिशेब: १०० टन उसातून १० ते ११ टन साखर, २८ ते ३० टन ओलं चिपाड, ४ ते साडेचार टन मळी आणि ३-४ टन प्रेसमड (रसातून गाळून काढलेला गाळ). चिपाड बॉयलरमध्ये जळतं आणि कारखान्याला लागणारी वाफ-वीज देऊन वर शिल्लक राहतं.

---

पानोपानी

वाचनखूण साठवली!

बॉयलरहाऊस, रस आटवण्याच्या टप्प्यावर तुम्ही एका ओळीत पुढे गेलात, तिथे एक माणूस राहून गेला. नॉर्बर्ट रिल्यू. १८०६ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जन्म. आई कृष्णवर्णीय, वडील गोरे. स्वतः गुलाम नव्हता, पण गुलामगिरीच्या राज्यात राहत होता. पॅरिसमध्ये अभियांत्रिकी शिकून परतला आणि १८४३ मध्ये त्याने मल्टिपल इफेक्ट इव्हॅपोरेटरचं पेटंट घेतलं.

त्याआधी रस एका काहिलीतून दुसऱ्या लहान काहिलीत पळ्यांनी ओतत न्यावा लागे. उकळता रस अंगावर सांडून माणसं भाजत. रिल्यूने भांडी बंद केली आणि एकापुढे एक जोडली. पहिल्या भांड्यातल्या रसातून जी वाफ निघते तीच दुसऱ्या भांड्याला उष्णता देते. दुसऱ्यात दाब कमी, म्हणून तिथला रस कमी तापमानाला उकळतो. त्याची वाफ तिसऱ्याला. एक किलो वाफेने एकाच भांड्यात साधारण किलोभर पाणी उडतं, चार भांड्यांच्या माळेत जवळपास चारपट. आज दुधाची भुकटी, कागद गिरण्या, समुद्राचं पाणी गोडं करणं, सगळीकडे हेच तत्त्व चालतं. ज्या उद्योगाने त्याच्या आईच्या समाजाला जनावरासारखं राबवलं, त्याच उद्योगाला त्याने इतकं मोठं देणं दिलं. अभियांत्रिकीच्या प्रत्येक वर्गात त्याचं नाव घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं.

---

मंदार_वाचतोय

छान चर्चा. बीटाचं कुणी काढलं नाही अजून. गुलामांच्या साखरेला खरा शह बीटाने दिला ना? १७४७ मध्ये बर्लिनच्या मार्ग्राफने बीटातून अल्कोहोलने साखर वेगळी केली आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे स्फटिक उसाच्या साखरेसारखेच आहेत हे दाखवलं. त्याचा शिष्य आखार्ड याने सायलेशियात कुनेर्न इथे १८०१ च्या सुमारास पहिला बीट कारखाना उभारला. मग इंग्रजांनी समुद्र अडवल्यावर नेपोलियनने १८११ मध्ये ३२,००० हेक्टरवर बीट लावायचा हुकूम काढला.

---

पानोपानी

मंदार, तपशील बरोबर, निष्कर्षाशी सहमत नाही. बीटाची साखर जोरात वाढत होती त्याच काळात क्यूबातल्या मळ्यांवर गुलामगिरी चालूच होती, ती १८८६ मध्ये संपली. ब्राझीलमध्ये १८८८ मध्ये. स्वस्त पर्याय आला म्हणून मळेवाल्यांनी कुणाला सोडलं नाही.

पहिला घाव घातला तो गुलामांनीच. सेंट डोमिंग ही तेव्हाची सर्वात श्रीमंत साखर वसाहत. १७९१ मध्ये तिथे उठाव झाला, उसाचे मळे आणि घाणे पेटले, आणि १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झालं. त्याच १७९१ मध्ये ब्रिटनमध्ये हजारो घरांनी वेस्ट इंडीजच्या साखरेवर बहिष्कार टाकला, त्यात बायकांचा पुढाकार मोठा होता. ब्रिटिश वसाहतींत कायदा झाला १८३३ मध्ये.

आणि त्यानंतरही ऊस थांबत नव्हताच, तोडायला माणसं हवीच होती. १८३४ पासून भारतातून करारावर मजूर मॉरिशसला जायला लागले. मग गयाना, त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत, सुरिनाम, फिजी. पोर्ट लुईसला जिथे ते जहाजातून उतरत तो आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. जगाच्या नकाशावर भारतीय वंशाचे लोक कुठे कुठे आहेत ते पाहा, त्यातल्या बऱ्याच ठिपक्यांखाली ऊस सापडेल.

---

रसायनी

पानोपानी, +१.

बीटाबद्दल एक रासायनिक मुद्दा. बीट काढल्यावर थंड हवेत ढीग घालून काही आठवडे ठेवता येतं. ते उसासारखं पाठीमागे लागत नाही. आणि त्यातली साखर वाढवण्याचं काम फार साध्या युक्तीने झालं. मार्ग्राफच्या काळात बीटात साखर अगदी थोडी होती. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये लुई द व्हिल्मोरँने बीटाचे तुकडे ठराविक घनतेच्या मिठाच्या पाण्यात टाकले. जो बुडाला तो जड, म्हणजे जास्त साखरेचा. त्याचंच बी धरायचं. आज बीटात १६ ते १८ टक्के साखर असते.

---

बॉयलरहाऊस

उसाच्या वाणांचंही सांगायला हवं. ऊस कांड्या लावून वाढवतात, त्यामुळे त्याला धरणारं बी येतं हेच बराच काळ कुणी गंभीरपणे घेतलं नव्हतं. १८८७-८८ मध्ये जावा आणि बार्बाडोस इथे ते सिद्ध झालं. मग कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात टी. एस. व्यंकटरामन यांनी जाड गोड उसाचा संकर रानटी, काटक सॅकॅरम स्पॉन्टेनियमशी केला आणि १९१८ मध्ये को २०५ हा वाण बाहेर आला. गोडी एकाकडून, रोग आणि थंडी सोसायची ताकद दुसऱ्याकडून. ई. के. जानकी अम्माळ यांनीही तिथेच काम केलं, उसाचा मक्याशी संकर त्यांनी करून दाखवला.

---

मुक्ता_शिक्षिका

सगळे प्रतिसाद मुलांना वाचून दाखवण्यासारखे आहेत. रसायनी ताई, प्रयोगांची वाट बघतेय. आठवी-नववीची मुलं आहेत. ज्वालामुखी आणि फुगा फुगवणं करून झालंय, त्यापेक्षा जरा खोल काहीतरी हवंय.

---

रसायनी

मुक्ता ताई, मग थेट सगळ्यात सुंदर प्रयोगाकडे जाऊ: साखर प्रकाशाला पीळ घालते. हे ज्याँ-बाप्तिस्त बियो याने १८१५ मध्ये पाहिलं आणि आजही कारखान्यात रसातली साखर याच गुणावरून मोजतात.

लॅपटॉपचा एलसीडी पडदा ध्रुवित प्रकाश देतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत असतात; साखर ही दिशा वळवते. पडदा आडवा ठेवून पूर्ण पांढरा करा. त्यावर सपाट बुडाचा काचेचा ग्लास ठेवा (खाली पातळ पारदर्शक काच असू द्या, पाणी सांडलं तर पडदा जाईल). प्लास्टिकचा ग्लास नको, प्लास्टिक स्वतःच रंग दाखवून गोंधळ घालतं. वरून पोलरॉइड चष्म्याची काच किंवा पोलरॉइड फिल्म धरून पाहा. ग्लासात नुसतं पाणी असताना फिल्म फिरवत गेलं की एका कोनाला पडदा काळा होतो. आता फिल्म तशीच ठेवून पाण्याच्या जागी दाट, नितळ साखरेचा पाक घाला. काळोख उजळतो आणि रंग दिसतात! फिल्म फिरवली की निळा, जांभळा, तांबूस असे रंग एकामागून एक सरकतात, कारण निळा प्रकाश लालपेक्षा जास्त वळतो.

आता ग्लास जागच्या जागी गोल फिरवा. रंगात काही फरक पडत नाही. इथे मुलांना थांबवून विचारा, का? प्लास्टिकचा तुकडा फिरवला असता तर रंग बदलला असता. पाकात तसं होत नाही, कारण वळवणारी वस्तू एकेक रेणू आहे, आणि रेणू कुठल्याही दिशेला तोंड करून असला तरी त्याचा पीळ त्याच बाजूचा राहतो. माझ्या मते हा प्रश्न प्रयोगापेक्षा मोठा आहे.

मोजमाप करायचं तर १०० ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून एकूण द्रावण २०० मिली करा, ग्लासात उंची १० सेंटिमीटर घ्या. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात हे द्रावण सुमारे ३३ अंश उजवीकडे वळवतं. पडद्यावर पूर्ण हिरवा रंग ठेवलात तर काळोख जास्त टोकदार सापडतो, कोन थोडा जास्त येतो. उंची निम्मी केली की कोन निम्मा, साखर निम्मी केली तरी निम्मा. आलेख सरळ रेषेत यायला हवा.

आता खरी गंमत. त्याच द्रावणात लिंबाचा रस गाळून घाला आणि उकळत्या पाण्याच्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ठेवा. उडालेलं पाणी भरून काढा, पूर्ण थंड करा, पुन्हा मोजा. उजवीकडचा कोन गेलेला असेल, पाक आता थोडा डावीकडे वळवतो. ग्लुकोज उजवीकडे वळवतं, पण फ्रुक्टोज त्याहून जोरात डावीकडे. धाग्याच्या सुरुवातीला ज्या बंधाबद्दल लिहिलं, तो तुटलेला असा डोळ्यांनी दिसतो.

१८५० मध्ये लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने हेच केलं. आम्लात साखर तुटताना कोन कसा बदलतो ते वेळेप्रमाणे नोंदवलं आणि दाखवलं की तुटण्याचा वेग उरलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. रासायनिक क्रियेचा वेग गणितात बसवण्याची ही सुरुवात मानतात. १९१३ मध्ये मॉड मेंटेन आणि लिओनोर मायकेलिस यांनी आम्लाऐवजी इन्व्हर्टेज घेऊन कोन मोजले, त्यातून निघालेलं समीकरण आज जीवरसायनाचा प्रत्येक विद्यार्थी शिकतो. कारखान्याच्या गव्हाणीत उतारा घसरतो तो याच क्रियेने.

---

मुक्ता_शिक्षिका

ताई, हे अफाट आहे. शाळेच्या लॅपटॉपवर नक्की करणार. दाणा पाडण्याबद्दलही काही करता येईल का?

---

रसायनी

हो, दोन प्रयोग.

एक, दोन बरण्यांचा. २० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, उकळत्या पाण्यात पावणेपाचशे ग्रॅमच्या वर. तेव्हा १०० ग्रॅम पाण्याला २८०-३०० ग्रॅम साखर या प्रमाणात गरम पाक करा. अर्धा एका बरणीत. उरलेल्या अर्ध्यात लिंबाचा रस घालून पाऊण तास गरम ठेवा, मग दुसऱ्या बरणीत. दोन्हींत साखरेचे कण चिकटवून वाळवलेला दोरा सोडा. पहिल्या बरणीत काही दिवसांत खडीसाखर धरेल. दुसरीत दोरा बहुतेक नुसताच ओला राहील. तोच पाक, गोडीही कमी नाही, पण दाणा नाही. बॉयलरहाऊस यांच्या शेवटच्या मळीचं दुखणं साधारण हेच.

दुसरा, सेंट्रिफ्यूगल यायच्या आधीच्या रीतीचा. पांढऱ्या साखरेत काकवी मिसळून सगळे दाणे तपकिरी करा. कागदाच्या सुळक्याला टोकाशी छोटं भोक ठेवून त्यात हा माल दाबून भरा, खाली वाटी ठेवा. वर ओल्या मातीचा किंवा चिंब फडक्याचा थर द्या. पाणी थेंबाथेंबाने झिरपतं, दाण्यांवरची काकवी धुऊन खाली नेतं, आणि वरून खाली पांढरा पट्टा सरकताना दिसतो. पाणी इतकं सावकाश उतरतं की ते वरच्या थरातच साखरेने संपृक्त होतं, म्हणून खालचे दाणे विरघळत नाहीत. एकदम पाणी ओतलं तर सगळाच पाक होईल. शेकडो वर्षं साखर अशीच पांढरी केली जायची, आणि एका सुळक्याला कित्येक आठवडे लागायचे.

---

कोवळं_ऊन

अंधारात खडीसाखर फोडली की ठिणगीसारखा निळा उजेड दिसतो, तेही सांगा मुलांना. फ्रान्सिस बेकनने १६२० च्या ग्रंथात याची नोंद केली आहे. स्फटिक तडकताना दोन बाजूंना विरुद्ध विद्युतभार येतो आणि मधल्या हवेतला नायट्रोजन चमकतो. डोळ्यांना दहा मिनिटं पूर्ण अंधाराची सवय होऊ द्यायची, पारदर्शक पिशवीत खडा ठेवून पकडीने दाबायचा.

एक प्रश्न: मधात साखरेचा पाक मिसळला तर प्रयोगशाळेत कळतं म्हणतात. शेवटी दोन्हींत ग्लुकोज-फ्रुक्टोजच ना?

---

बॉयलरहाऊस

कळतं, आणि तेही उसाच्या स्वभावामुळेच. ऊस कार्बन डायऑक्साइड पकडतो तो इतर बहुतेक झाडांपेक्षा वेगळ्या मार्गाने. पहिला पदार्थ तीन कार्बनचा न होता चार कार्बनचा होतो. हवाईत उसावर काम करताना याचा सुगावा लागला, आणि ब्रिस्बेनमध्ये एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅच आणि स्लॅक यांनी १९६६ मध्ये तो मार्ग मांडला. या मार्गाने बनलेल्या साखरेत कार्बन-१३ चं (कार्बनच्या किंचित जड प्रकाराचं) प्रमाण किंचित जास्त असतं. मधमाश्या ज्या फुलांवर जातात ती झाडं बहुतेक तीन कार्बनवाली. त्यामुळे मधात उसाचा किंवा मक्याचा पाक मिसळला की कार्बनचं गुणोत्तर बिघडतं. बीट आणि तांदूळ मात्र तीन कार्बनवालेच, त्यांचा पाक या चाचणीतून सुटतो, त्यासाठी वेगळ्या तपासण्या लागतात.

---

मंदार_वाचतोय

साखर नक्की किती अंशांना वितळते? पुस्तकात १८६ लिहिलंय, पण पातेल्यात त्याआधीच तपकिरी होते.

---

रसायनी

मंदार, साखर बर्फासारखी स्वच्छ वितळत नाही, ती वितळतानाच तुटत असते. म्हणून आकडा तापवण्याच्या वेगाप्रमाणे सरकतो. भट्टीत १५० अंशांच्या आसपास पसरट ताटलीत साखर काही तास ठेवून, मधूनमधून हलवत राहा. दाणे दाणेच राहतात, तरी रंग बदामी होत जातो आणि वास कॅरॅमलचा येतो. १८६ अंश गाठायच्या कितीतरी आधी.

मुक्ता ताई, हा प्रयोग तुम्ही करून दाखवा, मुलांच्या हाती देऊ नका. वितळलेली साखर त्वचेला चिकटते आणि उकळत्या पाण्यापेक्षा खूप खोल भाजते. सल्फ्युरिक आम्ल ओतून काळा कोळशाचा खांब उठवण्याचा प्रयोग तर वर्गात नकोच. त्यात तीव्र आम्ल, वाफ आणि गंधकाचे वायू असतात, तो धूर ओढून घेणाऱ्या कपाटाशिवाय करू नये.

---

मुक्ता_शिक्षिका

ठरलं. पोलरॉइड आणि दोन बरण्या मुलं करतील, भट्टी मी. एकच शंका: लिंबाचा रस घातल्यावर द्रावण गढूळ दिसतं, कोन नीट वाचता येईल?

---

रसायनी

गढूळ असेल तर काळोख पुसट होतो. गाळणकागदातून दोनदा गाळा, किंवा लिंबाऐवजी सायट्रिक आम्लाचे खडे वापरा, द्रावण काचेसारखं राहतं. आणि एक ग्लास आम्ल न घालता तेवढाच वेळ त्याच गरम पाण्यात ठेवा. त्याचा कोन जवळपास जागेवर राहिला तर मुलांना खात्रीने म्हणता येईल की बंध नुसत्या उष्णतेने तुटला नाही, आम्लामुळे तुटला.